बंदीचे मुलूख आणि मैलांची खतावणी

‘मैल’ हा शब्द आपल्या व्यवहारातून जवळजवळ हद्दपार झाला आहे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, किलोमीटर आले, रस्त्याकडेच्या दगडांवरचे आकडे बदलले. त्या दगडांना आपण अजून ‘मैलाचा दगड’च म्हणतो ही गोष्ट वेगळी. आमच्या पांढुर्ण्याकडे म्हातारी माणसे आजही अंतर कोसात नि मैलात सांगतात. विमानाच्या धंद्यात मात्र हा म्हातारा मैल पुन्हा जन्माला आला आहे, आणि या जन्मी तो अंतराचे माप राहिलेला नाही. तो चलन झाला आहे. तो जमा होतो, खर्ची पडतो, मुदत संपली की बुडतो, आणि कंपनी बुडाली तर तिच्याबरोबर बुडण्याची भीतीही असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने त्याकडे लक्ष द्यावे असे त्याच्यात पुष्कळ आहे.

प्रस्तुत लेखात मला या मैलाविषयी एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो असा : ज्या ठिकाणी जायला कायद्याने बंदी आहे, किंवा परवान्याशिवाय जाता येत नाही, अशा ठिकाणच्या प्रवासाचे मैल मिळतात काय? आणि मिळाले तर ते घेणाऱ्याचे हित होते की अहित?

पांढुर्ण्याच्या माणसाने विमानाच्या मैलांवर लिहावे याचे कन्नड विभागातल्या माझ्या मित्रांना हसू येईल. त्यांच्या गावाजवळ सांबऱ्याचा विमानतळ तरी आहे. आमच्याकडे नागपूर-इटारसी मार्गावरचे रेल्वे स्टेशन आणि संत्र्यांचे ट्रक. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमचे पांढुर्णा आणि शेजारचे सौंसर छिंदवाड्यातून निघून स्वतंत्र जिल्हा झाले, तरी विमान पकडायला आजही नागपूरच गाठावे लागते. परंतु त्या नागपुराहून शारजा आणि दोहा या आखाती शहरांना थेट विमाने सुरू झाली, आणि आमच्या भागातले इलेक्ट्रिशियन, फिटर, गवंडी त्यांतून जाऊ लागले. तेव्हा मैल आमच्यापर्यंत येऊन पोहोचला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

प्रथम हा मैल आहे तरी काय ते पाहू. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानवाहतुकीवरील सरकारी दरनियंत्रण उठले आणि कंपन्यांत चढाओढ लागली. गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने एक योजना काढली : आमच्या विमानाने जितके मैल जाल तितके तुमच्या नावे लिहून ठेवू, आणि पुरेसे साठले की एक तिकीट फुकट देऊ. इतर कंपन्यांनी ती उचलली. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात, खाजगी विमान कंपन्या आल्यावर ही पद्धत रुजली. जेट एअरवेज, किंगफिशर, एअर इंडिया या सगळ्यांच्या अशा योजना होत्या. इंडिगोने २००६ पासून अशा योजनेवाचून धंदा केला आणि २०२४ मध्ये शेवटी तीही या वाटेला आली.

आता हिशेबाच्या भाषेत. समजा, तुम्ही दहा हजार रुपयांचे तिकीट घेतले आणि त्यावर मिळालेल्या मैलांची किंमत पाचशे रुपये धरली. कंपनीने तुम्हांला दोन वस्तू विकल्या : आजचा प्रवास आणि उद्याच्या फुकट प्रवासाचा एक तुकडा. म्हणून ती दहा हजारांची रक्कम दहा हजार आणि पाचशे या प्रमाणात वाटली जाते. ९,५२४ रुपये आजचे उत्पन्न. उरलेले ४७६ रुपये उत्पन्नात धरता येत नाहीत, ते ताळेबंदात देण्याच्या बाजूला बसतात. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखामानकाचा हाच दंडक आहे. तात्पर्य, मैल ही कंपनीने दिलेली बक्षिशी नव्हे. ते कंपनीचे देणे आहे आणि तुमचे येणे आहे. येणे म्हटले की त्याला खाते हवे, खात्याला नाव हवे, आणि प्रत्येक जमेला कारण हवे : कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाच्या विमानाने, कोठून कोठे. ही जी कारणाची नोंद, तीच पुढच्या सगळ्या विवेचनाचा गाभा आहे.

बंदीच्या प्रवासाचे सर्वांत चांगले उदाहरण मला आपल्याच मराठी माणसांत सापडले. कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना अलिबागकडे ‘शनिवार तेली’ म्हणत, ते घरात मराठी बोलणारे लोक. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. अश्दोद, दिमोना, रामला, लोद या गावांत त्यांची वस्ती झाली. तिकडून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघत आले. मागे राहिलेले नातेवाईक मुंबई, ठाणे, पुणे, रायगडात. भारताने इस्रायलला मान्यता दिली १७ सप्टेंबर १९५० रोजी. पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळले २९ जानेवारी १९९२ रोजी. मधली एक्केचाळीस वर्षे ठाण्याच्या भावाने दिमोनाच्या बहिणीला भेटायचे ते अशा दोन देशांमधून, ज्यांची एकमेकांशी ओळख होती पण बोलणे नव्हते.

१९९२ नंतर इस्रायलची एल अल ही कंपनी मुंबईला विमाने आणू लागली. नकाशावर पाहिले तर मुंबई ते तेल अवीव ही वाट सरळ आहे : ओमान, सौदी अरबस्तान, जॉर्डन यांच्यावरून जावे. परंतु सौदी अरबस्तानच्या आकाशात इस्रायली विमानाला प्रवेश नव्हता. त्यामुळे ते विमान तांबड्या समुद्रावरून खाली उतरे आणि अरबस्तानच्या अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून अरबी समुद्रावरून मुंबईला येई.

मैलांची गंमत येथे आहे. मुंबई ते तेल अवीव सरळ अंतर सुमारे अडीच हजार मैल. वळसा धरला की विमान त्याहून बरेच जास्त उडते, तेल जास्त जाळते, प्रवासी तासाहून अधिक जास्त बसून राहतो. त्याच्या खात्यात मात्र मैल पडायचे ते सरळ अंतराचे! कारण विमान कंपन्यांच्या मैलांचे कोष्टक ठरलेले असते : या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोलावरून कमीत कमी अंतर किती, तेवढेच. पायलट वादळामुळे वळला की राजकारणामुळे, कोष्टकाला त्याचे सोयरसुतक नाही. बंदीमुळे झालेला फेरा हा प्रवाशाच्या अंगावर पडला, जमेला आला नाही.

२२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्ली-तेल अवीव विमान सौदी आकाशातून गेले. इस्रायलला जाणाऱ्या प्रवासी विमानाला अशी वाट मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. एकच गंतव्य, एकच विमानतळ. पण भारतीय विमानाला आकाश उघडे आणि इस्रायली विमानाला बंद. एल अलने यावर आपल्याच देशाच्या न्यायालयात तक्रार नेली होती. पुढे जुलै २०२२ मध्ये सौदी अरबस्तानाने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने सर्व देशांच्या विमानांना परवानगी दिली, तेव्हा हा फेरा कागदावर तरी संपला. आपल्या वाट्यालाही असा फेरा आला आहे. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै, आणि पुन्हा २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची विमाने लांबून जाऊ लागली, काहींना वाटेत इंधनासाठी उतरावे लागले. त्यासाठी एकाही प्रवाशाच्या खात्यात एक मैल वाढला नाही.

आता शिक्क्याकडे येतो. इस्रायलचा शिक्का पासपोर्टावर असला की कुवेत, लेबनान, सीरिया, इराण अशा देशांत प्रवेश मिळणे कठीण किंवा अशक्य असे. मुंबईच्या एखाद्या घरात एक भाऊ इस्रायलला बहिणीकडे जाऊन येणारा आणि तोच उद्या कुवेतला नोकरीचा अर्ज करणारा असेल, तर त्याची पंचाईत होणारच. म्हणून इस्रायलचे अधिकारी विनंती केल्यास वेगळ्या कागदावर शिक्का मारीत, आणि २०१३ च्या सुमारास त्यांनी पासपोर्टावर शिक्का मारणेच बंद करून सुटी चिठ्ठी देण्यास सुरुवात केली. पासपोर्ट कोरा राहिला. पण मैलांच्या खात्याचे काय? तेथे ‘बी.ओ.एम. ते टी.एल.व्ही.’ अशी ओळ छापलेली असतेच, तारखेसह. पासपोर्टाने लपवले ते खतावणीने लिहून ठेवले! कुवेतचा अधिकारी काही तुमचे मैलांचे खाते मागत नाही हे खरे. परंतु आपण कोठे गेलो होतो याचा पुरावा आपणच हौसेने, दोन-अडीच हजार मैलांच्या लोभाने तयार करतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बंदी परदेशातच असते असे नाही. आपल्या देशात अशी ठिकाणे थोडी नाहीत. इंग्रजांनी १८७३ मध्ये केलेल्या बंगाल पूर्व सीमा विनियमाखाली अरुणाचल, नागालँड आणि मिझोरामला जाणाऱ्या भारतीयालाही ‘इनर लाइन परमिट’ काढावे लागते. डिसेंबर २०१९ मध्ये मणिपूरही या यादीत आले. लक्षद्वीपला जाण्यासाठी १९६७ च्या नियमांप्रमाणे प्रवेशपत्र लागते. या ठिकाणी विमाने जातात : मिझोरामला लेंगपुईला, अरुणाचलला नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या इटानगरच्या डोनी पोलो विमानतळाला, लक्षद्वीपला अगत्तीला. २०२४ मध्ये तर गोव्याहून अगत्तीला थेट विमान सुरू झाले.

या प्रवासाचे मैल मिळतात काय? बेलाशक मिळतात. कारण मैलाचा करार तुमचा आणि कंपनीचा. परवान्याचा संबंध तुमचा आणि सरकारचा. तुम्ही तिकीट काढले, विमानात बसलात, विमान उतरले, की कंपनीचे देणे उभे राहिले. लेंगपुईला उतरून परवान्याच्या खिडकीवर तुमचे काही बिनसले आणि तुम्हांला परत पाठवले, तरी जातानाचे मैल जातानाच जमा झाले. हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण किराणा दुकानदार साखर विकताना तुम्हांला मधुमेह आहे काय हे विचारीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

अंदमानाचे उदाहरण याहून बोलके आहे. सेल्युलर जेलमुळे मराठी माणसाला ते बेट जवळचे. तेथल्या विमानतळाला वीर सावरकरांचे नाव आहे. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) जायला आपल्याला कोणताही परवाना लागत नाही. पण तेथून काही मैलांवर असलेल्या उत्तर सेंटिनेल बेटाजवळ जाणेही गुन्हा आहे. आदिवासी संरक्षणाचा १९५६ चा विनियम त्यासाठीच आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये एक तरुण अमेरिकन धर्मप्रसारक मासेमारांना पैसे देऊन तिकडे गेला आणि मारला गेला. मार्च २०२५ मध्ये आणखी एका अमेरिकनाला त्या बेटावर उतरल्याबद्दल अटक झाली. अमेरिकेपासून पोर्ट ब्लेअरपर्यंतचे हजारो मैल कायदेशीर, आणि शेवटचे थोडे मैल बेकायदा. विमान कंपनीच्या वहीत अशा माणसाचा प्रवास शेवटच्या विमानतळावरच संपतो. बंदीचा भाग बहुधा असा होडीतून, जीपमधून किंवा पायी होतो, त्याला मैल नसतात.

काही देशांत जाण्याला आपल्या सरकारनेच मज्जाव केला आहे. वर्णद्वेषाच्या काळात भारतीय पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नसे, आणि ही स्थिती १९९३ मध्ये दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळेपर्यंतच्या काळातली. तेव्हा आपल्याकडे मैलांची योजना नव्हती म्हणून हा प्रश्नच उद्भवला नाही. अलीकडे सरकारने २०१६ मध्ये लिबियाला आणि २०१७ मध्ये येमेनला जाण्यावर बंदी घातली. येमेनमधून २०१५ साली युद्धाच्या धुमाळीत चार हजारांहून अधिक भारतीयांना विमानाने आणि जहाजाने बाहेर काढावे लागले होते, त्यानंतरची ही खबरदारी. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याने सरकारला पासपोर्ट जप्त करण्याचा अधिकार दिला आहे, आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिकारालाही वाजवी रीतीची वेसण घातली आहे. राज्यशास्त्राच्या तासाला हे येतेच, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

परंतु या बंदीची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. येमेनमध्ये खुनाच्या आरोपावरून देहान्ताची शिक्षा झालेल्या केरळच्या एका परिचारिकेच्या आईला आपल्या मुलीला भेटायला जाण्यासाठी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली आणि ती पुढच्या वर्षी गेली. एका आईने चोरवाट न धरता परवानगीची वाट पाहिली. चोरवाटेने जाणारे आखातातल्या एखाद्या शहराचे तिकीट काढतात आणि तेथून पुढे सटकतात. त्यांच्या मैलांच्या खात्यात ते शहर दिसते, येमेन दिसत नाही. पण जायची आणि यायची तारीख दिसते. मधले दोन महिने कोठे होतात, हा प्रश्न विचारणाऱ्याला तेवढे पुरते.

अमेरिकेचा क्युबाविषयीचा कायदा आमच्या विषयाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा असा आहे, कारण तो वस्तुतः प्रवासाचा नसून पैशाचा कायदा आहे. १९६३ च्या नियमांनी क्युबात अमेरिकन माणसाने पैसा खर्च करण्यावर बंदी आली, आणि पैशावाचून प्रवास होत नाही म्हणून प्रवास थांबला. हौशी लोक मेक्सिको किंवा कॅनडामार्गे जात राहिले. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिका-क्युबा नेहमीची विमानसेवा पुन्हा सुरू झाली आणि प्रवाशांना त्या फेऱ्यांचे मैल उघडपणे मिळू लागले. मात्र आपण ठरलेल्या बारा कारणांपैकी कोणत्या कारणासाठी जातो हे सांगावे लागते, नुसती सहल त्यांत बसत नाही. आणि त्या प्रवासाचे कागद पाच वर्षे जपून ठेवण्याचा नियम होता. मार्च २०२५ पासून ती मुदत दहा वर्षे झाली आहे. मैलांचे खाते म्हणजे अशा वेळी दुसऱ्याने आपल्यासाठी जपलेले व्हाउचरच.

बंदी माणसावर न येता विमान कंपनीवर आली म्हणजे काय होते ते रशियाच्या बाबतीत दिसले. वैद्यकीय शिक्षणासाठी महाराष्ट्रातली पुष्कळ मुले रशियाला जातात. रशियाची एअरोफ्लोट कंपनी २००६ पासून ‘स्कायटीम’ या संघात होती. म्हणजे तिचे मैल एअर फ्रान्सवर किंवा डेल्टावर खर्चता येत. युक्रेन युद्धानंतर एप्रिल २०२२ मध्ये तिचे संघातले सदस्यत्व स्थगित झाले. मैल खात्यात तसेच राहिले, पण चालण्याचा मुलूख आक्रसला. नोटेवरचा आकडा तोच आणि बाजारपेठ एका गावापुरती, असे काहीसे. आपल्याकडे २०१२ मध्ये किंगफिशरची विमाने थांबली, आणि १७ एप्रिल २०१९ रोजी जेटची. जेटचे मैल मात्र टिकले, कारण त्या योजनेची कंपनीच वेगळी काढलेली होती आणि तिच्यात अबू धाबीच्या एतिहादचा मोठा हिस्सा होता. मैल घेण्याआधी ते कोणाच्या ताळेबंदात आहेत हे पाहावे, असे आमचे अकाउंट्सचे सर म्हणतात, ते या अर्थाने.

आता माझ्या घरची गोष्ट. सौंसरचा माझा मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, वायरिंगचे काम उत्तम करतो. दहावी मात्र झालेला नाही. दहावी नापासांच्या पासपोर्टावर ‘इ.सी.आर.’ असा शेरा असतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे अशा माणसाला आखात, मलेशिया, इराक, लिबिया, येमेन वगैरे अठरा देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. हेतू हा की करार, पगार, विमा हे आधी कोणीतरी तपासावे. पण मंजुरीला वेळ लागतो, आणि एजंटाला घाई असते. त्याने दादाला पाहुणा म्हणून, व्हिजिट व्हिसावर पाठवले. कायद्याने एक दार बंद केले म्हणून हा दुसऱ्या दारातून आत. जाताना विमान कंपनीच्या योजनेत दादाचे नाव त्याच्या धाकट्या बहिणीने मोबाइलवरून घातले होते, दोन फेऱ्या झाल्या की सामानाचे पैसे वाचतील म्हणून.

तेथे वर्षभर काम केले आणि शेवटच्या चार महिन्यांचा पगार अडला. मालक म्हणे, हा माणूस आमच्याकडे त्या महिन्यांत नव्हताच. कराराचा कागद एजंटाकडे, एजंटाचा फोन बंद. बोर्डिंग पासाचे पातळ कागद खिशात विरघळून गेलेले, आणि पासपोर्टावरचा परतीचा शिक्का इतका फिका की महिना वाचता येईना. मामी म्हणाली, “अरे, त्या मैलाच्या खात्यात काही लिहिलं असेल तर पाहा ना बाप्पा!” आम्ही ते उघडले. जायची तारीख, यायची तारीख, विमानाचे क्रमांक, तिकिटाचे क्रमांक, सगळे ओळीने होते. चार महिने दादा तिकडेच होता, हे त्यावरून ढळढळीत दिसत होते.

पण तोच कागद आणखी एक गोष्ट दाखवीत होता : पाहुणा म्हणून गेलेला माणूस वर्षभर परतला नव्हता. नोंदणी नसताना माणसे पाठवणे हा एजंटाचा गुन्हा आहेच. पण मंजुरीवाचून नोकरीसाठी देश सोडणे हेही कायद्याला मान्य नाही. कागद द्यावा तर आपलीच चूक उघडी पडते, न द्यावा तर चार महिन्यांचा घाम गेला. मामांनी आठ दिवस विचार केला. शेवटी परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ या तक्रार व्यवस्थेत तो कागद जोडून अर्ज केला. दोन महिन्यांचा पगार आला, दोन महिन्यांचा राहिला. दादाला कोणी शिक्षा केली नाही, परंतु पुढच्या वेळी मंजुरी काढूनच जाणार असे तो सांगतो, आणि त्यासाठी सध्या दहावीची पुस्तके घेऊन बसतो.

ज्या नोंदीने बेने इस्रायली भावाची गुप्तता उघडी पडू शकते, त्याच नोंदीने सौंसरच्या मजुराची हजेरी सिद्ध झाली. खतावणी कोणाच्या बाजूची नसते. म्हणून “बंदीच्या प्रवासाचे मैल घ्यावेत की नाही” या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की परवाना काढून गेलात तर अवश्य घ्या, तो पुरावा तुमच्या कामी येईल. आणि परवाना नसेल तर मैलांचा प्रश्न दुय्यम आहे, आधी प्रवासाचाच विचार करा. खाते उघडले नाही म्हणून प्रवास लपतो असेही नाही, तिकीट आणि प्रवाशांची यादी कंपनीकडे असतेच. फरक एवढाच की ती यादी तुमच्या हाती नसते, आणि मैलांचे खाते असते.

एक उपप्रश्न उरतो : तिकिटाचे पैसे दुसऱ्याने दिले तर मैल कोणाचे? कंपन्यांचा नियम सरळ आहे, जो विमानात बसला त्याचे. दादाचे तिकीट एजंटाने काढले तरी खाते दादाचेच. सरकारी पैशाच्या बाबतीत मात्र हा नियम लोकांना रुचत नाही. जर्मनीत २००२ मध्ये सरकारी दौऱ्यांचे मैल खाजगी सहलींना वापरल्याचे उघड झाले आणि बर्लिन राज्याचे उद्योग व अर्थव्यवहार खात्याचे मंत्री ग्रेगोर गीझी यांना राजीनामा द्यावा लागला. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयाने तर स्पष्ट सूचना काढली की सरकारी दौऱ्यात मिळालेले मैल सरकारी दौऱ्यालाच वापरावेत, खाजगी वापर केल्यास खातेनिहाय कारवाई होईल. केंद्रीय कर्मचाऱ्यांना रजा-प्रवास सवलतीत २००८ पासून ईशान्येकडे आणि २०१० पासून काश्मीरला विमानाने जाण्याची खास मुभा दिली गेली. नागपूरचे कितीतरी कर्मचारी त्यामुळे आयुष्यात प्रथम विमानात बसले. या सवलतीच्या नावाखाली प्रवास न करताच बनावट तिकिटे आणि बोर्डिंग पास जोडून पैसे उकळण्याचे प्रकारही झाले. २०२२ मध्ये एका माजी राज्यसभा सदस्याला दिल्लीच्या न्यायालयाने त्याबद्दल दोषी ठरवले. बनावट बोर्डिंग पास कोणीही छापू शकतो. विमान कंपनीच्या वहीत जमा झालेली ओळ मात्र घरच्या छपाईयंत्रावर निघत नाही.

ज्या वाचकांना हा हिशेब स्वतः करून पाहावयाचा असेल त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०२४ पासून एअर इंडियाने अंतर सोडून तिकिटावर खर्चलेल्या रुपयांवर गुण देण्याची पद्धत घेतली आहे. तेव्हा तेथे ‘मैल’ हा आता नावापुरताच उरला. आणि राहून गेलेल्या प्रवासाची जमा मागावयाची असेल तर तिला मुदत असते, बहुतेक ठिकाणी काही महिन्यांचीच. त्यासाठी तिकिटाचा क्रमांक आणि बोर्डिंग पास लागतो. तो पातळ कागदाचा असल्याने शाई उडते. उतरल्याबरोबर त्याचा फोटो काढून ठेवावा.